वन्सं आणि हवेची चाकं

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घरात चाकं आणली आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वन्संही राहायला आल्या. दोन्ही एकदम झेपणार नाही, असं नवऱ्याचं मत होतं. पण त्याला विचारलं कुणी?

चाकं म्हणजे स्केट्स, पण गुळगुळीत फरशीवरचे नव्हेत. लांबट चौकट, पुढे एक आणि मागे एक बशीएवढं चाक, आणि चाकात सायकलसारखी हवा भरलेली ट्यूब. आपलाच रोजचा बूट चौकटीवर ठेवायचा, पट्टे आवळायचे, पोटरीलाही एक पट्टा बांधायचा, दोन्ही हातांत लांब काठ्या घ्यायच्या आणि मातीतून, खडीतून, गवतातून सुटायचं. याला क्रॉस-स्केटिंग म्हणतात, हे डॉक्टरीणबाईंना एका पेशंटने सांगितलं होतं. त्याचा गुडघा कुरकुरायला लागल्यावर त्याने आपली जोडी त्यांनाच विकली. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघून त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली होती. मोकळ्यावर ताठ उभं राहून पळायचं, या कल्पनेनेच त्या हरखल्या.

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. बाकी सगळे त्यांना ताई म्हणत. लग्नात डॉक्टरीणबाईंनी गमतीने ‘वन्सं’ म्हटलं आणि ते चिकटलंच. वन्सं मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. त्यांच्या नुसत्या चपला वाजल्या की अख्खा वॉर्ड गादीवर सरळ होत असे, असं सांगतात. निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं, पण डोळे अजून ड्यूटीवरच होते.

पहिल्या रविवारी डॉक्टरीणबाई गावामागच्या जंगलवाटेवर गेल्या आणि चाकं खांद्यावर टाकून चालत परत आल्या. डाव्या पायाचं मागचं चाक हवा जाऊन बसलं होतं. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी घेऊन त्यांनी ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, ठिगळ चिकटवलं. झालं! दुसऱ्या रविवारी तेच चाक पुन्हा बसलं. मग सायकलच्या दुकानातून मापाची नवी ट्यूब शोधून आणली. ती तर वाटेच्या तोंडाशीच गेली.

“त्या वाटेशी तुझं काही वैर आहे का?” नवऱ्याने विचारलं.

वन्सं चष्म्यावरून बघत होत्या. “पेशंट तोच, तक्रार तीच, आणि तू आपली वरून पट्ट्या बांधतेयस. दुखणं कुठं आहे ते बघितलंस?”

डॉक्टरीणबाईंना हे झोंबलं. कारण नेमकं हेच त्या स्वतः रोज दहा जणांना ऐकवत असत. एरवी नणंद-भावजयींचं बरं चाललेलं होतं, म्हणजे दोघी एकमेकींशी फार जपून बोलत. डॉक्टरीणबाई उठल्या, दवाखान्यातला तोंडात बघायचा एक जुना आरसा आणि कीड शोधायची आकडी घेऊन आल्या, आणि टायर उलटा करून आतून कडेकडेने टोचत निघाल्या.

“उजेड,” त्या सवयीने म्हणाल्या. वन्संनी टॉर्च धरली.

अर्धा टायर निरोगी निघाला. मग आकडी अडकली. केसाएवढा काटा! बाहेरून तुटून रबराच्या बरोबरीला आलेला, त्यामुळे दिसतच नव्हता; पण चाकावर वजन पडलं की आत डोकावायचा आणि ट्यूबला टोचून पुन्हा मुकाट बसायचा. चिमट्याने तो ओढला तेव्हा दोघी एकदमच “निघाला!” म्हणून ओरडल्या, आणि लगेच जरा ओशाळल्यासारख्या झाल्या.

पुढच्या रविवारी वन्सं म्हणाल्या, “मीही येते. ऑपरेशननंतर पेशंट बघायला नको का?”

थर्मासमध्ये कॉफी भरून त्या वाटेच्या पुढच्या वळणाजवळ बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले, काठ्या टेकल्या आणि निघाल्या. चाकं घट्ट होती. खडी पायाखाली कुरकुरत मागे पडत होती, पाठ सरळ होत होती, आणि छोटा चढ त्यांनी काठ्यांच्या जोरावर असा घेतला, की वर पोचल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग उतार आला.

ब्रेक लावायची रीत सोपी होती. एक पाय पुढे सरकवायचा, पोटरी मागे रेटायची, की पोटरीच्या पट्ट्यामागचं रबर मागच्या चाकावर दाबलं जातं. त्यांनी पाय पुढे सरकवला, पोटरी रेटली. काहीच झालं नाही. अजून रेटली. चाकं मजेत फिरत राहिली. समोरून कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ येत होते. “बाजूला व्हा!” असं डॉक्टरीणबाई ओरडल्या खऱ्या, पण तोवर त्या त्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या. वळणावर कुणीतरी झाडून ठेवलेला वाळक्या पानांचा ढीग दिसला. निवड करायला फारसा वाव नव्हता. त्या ढिगात शिरल्या.

पानं डोक्यावरून खाली बसेपर्यंत वन्सं धावत पोचल्या. थर्मास काखेत, एक चप्पल कुठेतरी मागे.

“हात हलव. बोटं हलव. नाव सांग.”

“वन्सं, माझं नाव तुम्हाला माहितीय!”

“मला माहितीय गं. तुला माहितीय का, ते बघतेय.”

डॉक्टरीणबाईंनी तोंडातलं पान थुंकलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. वन्संनी आधी नाडी बघितली, गुडघे चाचपले, आणि कुठे काही मोडलेलं नाही अशी खात्री झाल्यावर त्याही शेजारी पानांत बसून पोट धरून हसल्या.

ब्रेकचं रबर झिजून पार चपटं झालं होतं. झिजेल तसा नट फिरवून ते चाकाजवळ आणत राहायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी त्या नटाला कधी हातही लावला नव्हता. आता तर नवीनच बसवायला हवं होतं. सायकलच्या दुकानदाराने ते रबर उलटंपालटं करून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मंगळवारी तोच चाकंवाला पेशंट खुर्चीत आडवा झाला. तोंडात कापूस भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “ब्रेकचं रबर असेल का हो तुमच्याकडे?”

“आं... आं आं!” तो हातवारे करायला लागला.

“दुखतंय?”

त्याने जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. कापूस काढल्यावर कळलं, सुट्या भागांची एक अख्खी पिशवी त्याच्या माळ्यावर पडून होती. द्यायची विसरला होता. संध्याकाळी त्याने ती आणून दिली. ब्रेकची रबरं, ट्यूबा, बेअरिंग, काठ्यांची पोलादी टोकं, सगळं होतं.

नवं रबर बसवून झालं. डॉक्टरीणबाई नट पिळत होत्या, वन्सं चाक फिरवून ते घासतंय का बघत होत्या. एकाएकी त्यांनी विचारलं, “हे पट्टे कुणाच्याही बुटाला बसतात ना गं?”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

“अगं, जन्मभर लांबच लांब व्हरांडे चालले. एवढे चकचकीत पुसलेले, की घसरत जावंसं वाटायचं. पण वॉर्डात धावायचं नाही, हा नियम मीच लावलेला.”

रविवारी सपाट वाटेवर वन्संना हेल्मेट चढलं. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर पट्टे आवळले गेले. डॉक्टरीणबाई कोपर धरून शेजारून चालल्या, मग भरभर चालल्या, मग धावायला लागल्या.

“सोडू का?”

“सोडू नकोस!” वन्सं ओरडल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “सोड.”

त्या गेल्या. वाकून, काठ्या वेड्यावाकड्या टेकत, पण गेल्या. पुढच्या झाडापाशी त्यांनी पाय पुढे सरकवून पोटरी रेटली. नव्या रबराने चाक असं धरलं, की वन्सं जागीच थांबल्या आणि सावकाश गवतात बसल्या.

“लागलं का?” डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या.

“पुन्हा,” वन्सं म्हणाल्या. “उठव मला. पुन्हा.”

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंची पाळी काही आलीच नाही. घरी दोघींनी चाकं पुसली, बेअरिंगमधली माती काढली, आणि पुढच्या रविवारी आधी कुणी, यावरून जेवणाच्या टेबलावर भांडण झालं. आवाज चढवून, जुनी उणीदुणी काढून, ताटं बाजूला सारून! जपून बोलायचं दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.