चार बोटांची खुर्ची

थिएटरात नाटकाचं नेपथ्य उभं करणाऱ्या सुतारणीला सगळे पाचर म्हणायचे. नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी कितीही दाटी असो, ही मधे घुसून आपल्यापुरती जागा करायचीच. लग्नानंतर घरही असं मिळालं की पाचरीलाच झेपावं. एक खोली. सकाळी पलंग उचलून भिंतीला उभा करायचा, तेव्हा कुठे ओट्यापर्यंत वाट मोकळी व्हायची. नवरा त्याच थिएटरात पडदे रंगवायचा, म्हणून तो रंगारी. तो नुसता हाडांचा होता म्हणून निभावत होतं. बसायला दोन स्टुलं, तीही एकात एक घालून ठेवलेली.

आणि याच खोलीत एकदा ताई पडली होती.

ताई म्हणजे पाचरची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजानेही. तिच्यासाठी शेजारून पत्र्याची घडीची खुर्ची मागून आणली होती. ताई बसली आणि त्या मेल्या खुर्चीने मान टाकली. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं हो! कुणी हसलं नाही. रंगारी, ताईचा नवरा म्हणजे भाऊजी, आणि शेजारी असे तिघे धावले, तिघांनी मिळून तिला उचललं, आणि "लागलं नाही ना? लागलं नाही ना?" असं इतकं हळू विचारलं की ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून ताई यायची, पण उंबरठ्याच्या आत दोन पावलं. "बसत नाही गं, घाईत आहे." दोन वर्षं झाली, बाईची घाई काही संपेना. जिच्या मांडीवर बसून पाचर अक्षरं गिरवायला शिकली, ती बहीण तिच्या घरात टेकायला तयार नव्हती. पाचरला हे रोज सलायचं.

अशात ताईचा फोन आला. "रविवारी तिकडे काम आहे. उभ्या उभ्या भेटून जाईन."

"उभ्या उभ्या?" फोन ठेवल्या ठेवल्या पाचर उसळली. "गुडघे धरलेत हिचे, जिना चढताना कण्हते, आणि उभ्या उभ्या? ते काही नाही. मी खुर्ची करणार."

"ठेवणार कुठे?" रंगाऱ्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. पाचरने खोलीभर नजर फिरवली. पलंगाची भिंत गेली, ओट्याची भिंत गेली, खिडकीखाली रंगाऱ्याचे डबे. राहिलं काय? दार! दार सताड उघडलं की मागे भिंतीपाशी फट उरायची. तिने हात घातला. चार बोटं.

"चार बोटांत खुर्ची?" रंगारी म्हणाला. "चार बोटांत फार तर मी मावेन."

"तू गप. मिटली की चार बोटं, आणि उघडली की ताई ऐसपैस, कोपरांसकट. हत्ती बसला तरी हूं की चूं करता कामा नये."

पुढचे दिवस पाचरच्या अंगात वारं शिरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जेवण बाजूला, आणि रिकाम्या रंगमंचावर खडूने खुर्च्या काढणं सुरू. पहिली मिटायची झकास, पण उघडली की डुलायची. दुसरी डुलायची नाही, पण मिटली की आठ बोटं. तिसरीबद्दल न बोललेलंच बरं. पाचर चिडायची, लाकडाला शिव्या घालायची, पुन्हा करवत उचलायची.

मग एका दुपारी नाटकातल्या महालाची भिंत हलायला लागली म्हणून तिने सवयीने खाली लाकडाची पाचर ठोकली. भिंत जागच्या जागी बसली. पाचर तिथेच उकिडवी, हातात हातोडी, आणि एकदम ओरडली, "अगं बाई!"

रंगारी शिडीवरून पडता पडता वाचला. "काय झालं? बोट चेचलं?"

"अरे, भिंत जेवढी जड, तेवढी ही खालची पाचर घट्ट! मग खुर्चीला वजनाची भीती कशाला घालायची? वजनानेच कुलूप लागू दे की! बसणारा जड, तर खुर्ची पक्की!"

झालं! बैठकीच्या फळीखाली तिने लाकडाची निमुळती जीभ बसवली. कुणी बसलं की फळी किंचित खाली जायची, जीभ पायांमधल्या खाचेत शिरायची आणि खट्‌ असा आवाज यायचा. वजन वाढेल तशी जीभ आणखी आवळायची. आणि फळीच्या पुढच्या कडेखाली दोरीचा एक फास. नाटकात दोन प्रवेशांमध्ये अंधारात सामान उचलावं लागतं ना, तशी सोय. वजन उतरलं की फास ओढायचा, जीभ सुटायची, खुर्ची मिटून सपाट. दारामागे अडकवली तर वर अर्धं बोट शिल्लक! पाचर आनंदाने थिएटरभर नाचली.

तपासणीही जोरात झाली. भिंती धरून ठेवायला वापरतात ती वाळूची पोती त्यांनी एकावर एक रचली. एक ताई झाली, दीड ताई झाली, दोन ताया झाल्या. खुर्ची ढिम्म! पाचर पोत्यांना म्हणाली, "बसा, बसा, चहा टाकते."

रविवार उजाडला. चहाचं आधण ठेवलं. पाचरला धीर निघेना. "तू एकदा बस रे, मला डोळे भरून बघू दे."

रंगारी बसला. खट्‌. "वा!" म्हणाला. मग, माणूस करतो तेच त्याने केलं. दोन्ही हातांनी पुढची कड धरली, बूड जरा उचललं, आणि खुर्ची पुढे ओढायला गेला. बोटं गेली ती थेट फासात. जीभ सुटली, पाय मिटले, आणि रंगारी धप्पकन जमिनीवर.

पाचरने कपाळावर हात मारला. पोत्याला हात नसतात! पोतं एकदा बसलं की बसलं, ते कशाला बूड उचलेल? एवढी साधी गोष्ट दोघांच्या टाळक्यात आली नव्हती.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "पाचरे, अगं..."

ताई उंबरठ्यावर उभी होती. समोर जमिनीवर रंगारी, मांडीवर मिटलेली खुर्ची. ताईने खुर्चीकडे पाहिलं, तिच्या रुंदीकडे पाहिलं. ती कुणासाठी केली आहे हे तिला लगेच कळलं. तिचा चेहरा पडला. एक पाऊल मागे गेलं.

"ताई, थांब..." पाचर म्हणाली.

रंगाऱ्याला उठता येईना. पाय खुर्चीत अडकलेले. "ताई," तो केविलवाणं म्हणाला, "मला उचला हो कुणीतरी."

ताईच्या तोंडून आधी नुसता श्वास सुटला. मग ती हसायला लागली. दाराची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं, हा काडीपैलवानसुद्धा पडतो?" म्हणाली. "लागलं नाही ना? लागलं नाही ना?" आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आत आली, आणि एका हाताने त्याला उचलून उभं केलं.

पाचर तोवर खुर्ची उलटी करून बसली होती. फास काढला, पाठीच्या मागच्या आडव्या पट्टीला बांधला, दोरी फळीखालून नेली. आता बसलेल्या माणसाचा हात तिथे जन्मात पोचणार नव्हता. काम चोख झालं. तिने दार लावलं आणि दारासमोरच खुर्ची उघडून ठेवली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

"आधी मी बसते," ती म्हणाली. बसली, बूड उचललं, पुढे ओढली, मागे ओढली, गदागदा हलवली. मग उठून बाजूला झाली. 

ताईने खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले. हळूहळू वाकली. खट्‌. तिने डोळे मिटून घेतले, वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग तिने पाठ टेकली, कोपरं पसरली, आणि गुडघ्यांवरून हात फिरवत एक लांब "हुश्श" केलं.

"हलत नाही गं," ती म्हणाली.

"तू जेवढी बसशील तेवढी घट्ट होते," पाचर म्हणाली, आणि ओट्याकडे तोंड करून उगाचच चहा ढवळत राहिली. डोळे पुसायला पदर नव्हता, बाही वापरली.

पहिला चहा झाला. दुसरा झाला. ताई वडिलांच्या गोष्टी सांगत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. भाऊजी न्यायला आले होते. दार तर आत उघडायचं, आणि दाराला टेकून ताईची खुर्ची.

पाचर उठली. "ताई, जरा उठतेस का? त्यांना आत..."

"मुळीच नाही," ताई म्हणाली, आणि मान वळवून दारावर आवाज चढवला, "अहो, खाली थांबा जरा! मी बसले आहे!"