पलीकडची

"जपून, किलियानकाका! नदीत पडाल पेटीसकट," बाबेट पडावातून ओरडली.

म्हातारा किलियान सुतार शवपेटीचं एक टोक धरून चढत होता. दुसरं टोक लेओनहार्टच्या हातात होतं. लेओनहार्ट म्हणजे बाबेटचा सख्खा भाऊ. त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचं तिला नवल नव्हतं.

"कुणासाठी?" पडाव काठापासून सुटल्यावर तिनं विचारलं.

लेओनहार्टनं टोपी कपाळावर ओढली.

"सांग की रे तिला!" किलियान चिडला. मग स्वतःच म्हणाला, "तुझी आई गेली, पोरी. पहाटे."

जर्मनीतल्या माइन नदीच्या या काठाला क्लिंगफुर्ट गाव, बिशपचं, कॅथलिक. त्या काठाला लिंडाख, काउंटचं, प्रोटेस्टंट. बिशपचं राज्य गेलं, काउंट गेला, मागाहून कैसरही गेला; वैर तेवढं दोन्ही काठांनी जिवापाड सांभाळलं. लिंडाखला जिवंतपणी क्लिंगफुर्टचं तोंड बघायला नको असे, पण मेल्यावर पेटी तिथल्या किलियानचीच लागे. बाबेट लिंडाखची. क्लिंगफुर्टच्या नावाड्याशी तिनं लग्न केलं, त्याचा धर्म घेतला आणि माहेरच्या मातीवर पुन्हा पाय ठेवला नाही. नवरा मेल्यावर पडाव तिच्याकडे आला. रोज ती माहेरच्या काठाला लागे आणि तशीच परते.

नदीवर आडवी तार होती. पडाव तिला दोरानं बांधलेला. तोंड तिरकं धरलं की प्रवाहच त्याला पलीकडे ढकली. बाबेटनं मध्यावर तोंड सरळ केलं. पडाव जागच्या जागी उभा राहिला.

"चालव," लेओनहार्ट म्हणाला.

"मी घरी येणार. तिला एकदा बघणार."

"उंबऱ्याला पाय लाव, कुत्रं सोडतो अंगावर. बाटगी कुठली!"

"सोड. तुझ्यापेक्षा माणुसकी असेल त्याला."

"आईनं कधी तुझं नावसुद्धा काढलं नाही."

"तू काढू दिलं नसशील, मेल्या! आता बस इथंच. मला घाई नाही."

लेओनहार्टला पोहता येत नव्हतं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा बाबेटची त्याच्यावर सरशी झाली होती आणि तिला ते फार गोड लागलं.

"भांडा खुशाल," किलियान कपाळ पुसत म्हणाला. "पण ऑगस्टचं ऊन आहे. म्हातारी तिकडे नुसत्या फळीवर पडलीय."

बाबेटच्या डोळ्यांपुढे ते आलं: फळी, बंद खिडक्या, माश्या. ओठ घट्ट मिटून तिनं पडावाचं तोंड पुन्हा तिरकं केलं.

पलीकडे उतरल्यावर लेओनहार्ट म्हणाला, "शनिवारी पाहुणे येतील. स्टेशन तुमच्या काठाला, नाइलाज आहे. त्यांना सोड, पण उतरू नकोस."

शनिवारी तिनं काळ्या कपड्यातले पाहुणे पोचवले. मावशीनं क्षणभर पाहिलं आणि मान फिरवली. धक्क्यावर लेओनहार्टचे दोन दांडगे मुलगे हाताची घडी घालून उभे होते. त्यांना ढकलून जायची धमक तिच्यात होती, पण आईच्या अंत्ययात्रेत मारामारी तिला नको होती.

चर्चची घंटा सुरू झाली. लिंडाखात पेटी घरातून निघाल्यापासून खड्डा बुजेपर्यंत घंटा थांबत नाही.

"ए पलीकडचे!" क्लिंगफुर्टच्या काठावरून खाटीक बोंबलला. "मांस नासतंय माझं! आण पडाव!"

बाबेट हलली नाही. हळूहळू तिथं गर्दी जमली.

"आमचं मीठ खाते आणि त्यांच्या काठाला चिकटते!"

"कितीही बाटवा, जात लिंडाखचीच!"

धक्क्यावरचे भाचेही आता दटावू लागले. "निघ की! लोक बोलावतायत तुझे."

"माझ्या आईला पुरताहेत," बाबेट म्हणाली. "बोंबलू दे त्यांना."

दोन्ही काठ तिला शिव्या देत राहिले. घंटा थांबेपर्यंत तिनं दोर खुंट्यावरून काढला नाही.