सलामीचा सुरुंग

त्या दिवशी तिहोमीरच्या दगडखाणीला सुट्टी होती, म्हणून तो धक्का भूकंपाचाच, असं अख्खं गाव नगरपालिकेच्या समितीपुढे शपथेवर सांगत होतं. मालकाच्या घरी स्लावा होती, म्हणजे कुळाच्या संताचा सण. सगळे त्याच्या टेबलाशी डुकराचं भाजकं मांस चापत बसलेले. पोट भरलेले साक्षीदार. वा रे वा.

आणि तिकडे वुकोसावाकाकूंची भिंत वरपासून खालपर्यंत फाटलेली. भूकंप ठरला तर घर धोकादायक म्हणून पाडणार, काकू रस्त्यावर. सुरुंग ठरला तर खाणवाल्याने भिंत बांधून द्यायची.

मी भूकंप वेधशाळेतून आलेख घेऊन आले होते. जमिनीच्या पोटात खडक सरकला, की धक्के नोंदवणाऱ्या काही केंद्रांवर पहिली रेघ वर जाते, काहींवर खाली. सुरुंग मात्र चहूकडे बाहेरच ढकलतो. इथे सगळ्याच केंद्रांवर रेघ वर होती. मी ते दाखवलं, तर तिहोमीर जांभई देत म्हणाला, "बाई, तुमच्या रेघा तुम्हालाच लखलाभ. सणाला माझा एक तरी कामगार खाणीत होता का, विचारा यांना."

अध्यक्ष लगेच मान डोलवायला लागले. त्यांनीही तिथेच ताव मारला असणार. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, बंदुकीचा बार काढल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग खाणवाला संताला सलामी कशाने देणार?

"बरोबर आहे मालक," मी म्हटलं. "सुरुंग असला तरी तुमचा नसणार. हा अगदीच फुसका. कुणातरी चिकट माणसाने संताची बोळवण केलीय."

तिहोमीरचे कान लाल झाले. "फुसका? अहो, अर्धा कडा खाली आणला मी, स्वतःच्या हाताने. जिल्ह्यात कुणी दिलीय का तशी सलामी?"

कारकुनाने ते टिपून घेतलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भिंत बांधून द्यायचा हुकूम निघाला तेव्हा कुठे मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेर पायरीवर शेजारीण मिलुंकाने काकूंना गाठलं. "रागावू नका हं काकू. त्याच्या घरचं खाल्लेलं, त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडणार?"

"माझ्याही संताच्या सणाला दरवर्षी जेवून जातेस की गं," काकू म्हणाल्या.