लोखंडाच्या रेषेचं वजन

वडिलांची वही उघडली आणि क्षमाच्या मनात पाल चुकचुकली.

जुन्या ताऱ्याच्या प्रकाशपटात लोखंडाच्या काळ्या रेषा असतात. त्या जितक्या बारीक, तितकं लोखंड कमी आणि तारा बहुधा तितका जुना. तिच्या शोधनिबंधासाठी अशा एकवीस रेषा वडिलांनी मोजल्या होत्या. वडील, म्हणजे धम्मपाल सर, उमरग्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पडद्यावर डोळे टिकत नाहीत म्हणून तिनं प्रकाशपटाचे आलेख मोठे छापून पाठवले होते; त्यात प्रत्येक रेषा खळग्यासारखी दिसते. अट एकच: प्रत्येक रेषा तीन वेगळ्या दिवशी, आधीचा आकडा न बघता मोजायची.

सरांना जाऊन महिना झाला होता. निबंधावर त्यांचं नाव होतं, आणि वहीत तिन्ही दिवसांचे आकडे जवळजवळ तंतोतंत सारखे. हातानं मोजलेलं इतकं जुळत नाही. शिवाय रीत कुठंच नाही, नुसती उत्तरं. पोरांनी रीत गाळली तर शून्य देणारा हा माणूस. परक्याची वही असती तर तिनं केव्हाच ठरवलं असतं, की आकडे एकदाच काढून तीनदा उतरवलेत. लेकीला खूश करायला?

आई म्हणाली, ते गुरुवारी शाळेत जायचे. क्षमा तिथं गेली. प्रयोगशाळेतल्या बशीरचाचांना काही आठवेना. इतक्या सहज आठवेना, की तिचा संशय वाढला.

"चाचा, मी वही घेऊन आलेय. खरं सांगा."

"शाळेचा वजनकाटा बाहेरच्याला द्यायचा न्हाय, बेटा. माझ्यावर आलं असतं." त्यांनी खण ओढून एक पाकीट काढलं. आत कागदाचे बारीक तुकडे होते. सर आलेखावर पेन्सिलीनं वरचा काठ आखायचे, रेषेचा खळगा कात्रीनं कापायचे आणि वजनावरून त्याचं क्षेत्रफळ काढायचे.

"दर गुरुवारी नवे कापायचे?"

"नवे कशाला? हेच. एक हरवला तर लेकीला काय तोंड दाखवू, म्हणायचे."

क्षमानं तुकडे मोजले. एकवीसच. तीन गुरुवारी काट्याचीच परीक्षा झाली होती. चूक होते ती काठ आखताना, आणि तो त्यांनी एकदाच आखला होता. वहीत खोटं काही नव्हतं. आकडे तरीही चालणार नव्हते.

"सरांवर शक होता व्हय तुझा?"

"होता," ती म्हणाली.

चाचांनी काट्यावरचं फडकं काढलं.

क्षमानं सोबत आणलेल्या आलेखांच्या कोऱ्या प्रती टेबलावर पसरल्या आणि पहिला काठ आखायला घेतला. वडिलांच्या तुकड्याशी तो ताडून बघावासा वाटला. पण तिनं पाकीट मिटून चाचांकडे सरकवलं.