दुभाषी

सिद्धाप्पाने एडक्याच्या पोटाखालून पट्टा घेतला, बकल आवळले आणि अपेक्षाकडे बघितले.

"उचलू?"

तिने मान हलवली. त्याने एडका छातीशी धरून उचलला आणि वजनकाट्याच्या आकड्याला अडकवला. जनावर हवेत पाय झाडत राहिले. अपेक्षाने वजन मोठ्याने वाचले.

दिल्लीहून आलेल्या समितीच्या अध्यक्ष बाई नाकाला रुमाल लावून थोड्या लांब उभ्या होत्या. मंगळवेढ्याच्या रस्त्यापासून बऱ्याच आत, ज्वारी निघालेल्या रानात मेंढरे बसवली होती. ऊन चढेल तसा लेंड्यांचा वास वर येत होता.

"ये लोग ऐसे में रहते कैसे हैं?" बाईंनी हळूच विचारले.

अपेक्षा हसली. हसायचे नव्हते, पण हसू येऊन गेले होते. मग ती एडक्यापासून सरकून बाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दुष्काळात तगणाऱ्या दख्खनी मेंढ्यांचे वाण जपण्याचा तो प्रकल्प होता. मेंढपाळांच्या कळपांतून रक्ताचे नमुने घ्यायचे, जनुके तपासायची, त्यातून चांगले एडके निवडून पुन्हा कळपांना द्यायचे. सरकारी निधी मार्चअखेर संपत होता. समितीला काम पटले तर तो पुढे चालू राहणार होता. नाही पटले, तर केंद्रातले निवडलेले एडके लिलावात जाणार होते आणि अपेक्षासारखी कंत्राटी माणसे घरी. प्रकल्पप्रमुख बिराजदार सर नुकतेच बदलून आलेले. या कळपावर ते पहिल्यांदाच येत होते.

सिद्धाप्पा आपले वडील आहेत, हे सांगायला तिला कशाचीच आडकाठी नव्हती. नियमही आड येत नव्हता. तरी गाडीतून उतरल्यावर ओळख करून देताना तिच्या तोंडून निघाले ते एवढेच, "ये हमारे लाभार्थी किसान हैं." आजच्यासाठी दाढी करून, धुतलेला फेटा बांधून आलेल्या बापाने सगळ्यांना हात जोडले होते.

"इनसे पूछो, प्रोजेक्ट से क्या मिला?" बाई म्हणाल्या.

"या योजनेतून तुम्हाला काय मिळालं, विचारतायत," अपेक्षा म्हणाली. ती त्याला घरी 'आबा, तू' म्हणे.

सिद्धाप्पाने एडका खाली घेतला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. बिराजदार सर लांब गाडीपाशी फोनवर बोलत होते.

"काय मिळालं म्हंजी... पयल्यांदा रगात काडाय कोन देत न्हवतं की. समदी म्हनायची, सुई टोचली की मेंढरू वाळतंय. म्या म्हनलं, माजी पोरगी हाय, ती कशाला वंगाळ करंल? पयला माजाच एडका फुडं केला. मग बाकीच्यांनी दिलं. पोरगी लई शिकलीया. ह्याच मेंढरांवर शिकली."

तो थांबला. समितीतले सगळे तिच्याकडे बघत होते.

"कह रहे हैं," अपेक्षा म्हणाली, "पहले लोगों को डर था, अब विश्वास है. जानवरों का वजन भी बढ़ा है."

"बस इतना? इतना लंबा बोले."

"वही बात, मॅडम. घुमाके बोलते हैं."

सिद्धाप्पाने फेट्याचा शेव सोडून तोंड पुसले. प्रकल्प बंद पडला तर काय होईल, हा पुढचा प्रश्न अपेक्षाने मराठीत सांगितला, तेव्हा तो एडक्याचे कान चाचपत म्हणाला,

"ते मॅडमनाच इचारा. आमास्नी काय कळतंय."

तिला वाटले, साहेबलोकांसमोर म्हणून तो आपल्याला मॅडम म्हणतो आहे. तिला बरेही वाटले.

निघताना बाईंचा पाय ओल्या लेंड्यांत गेला. त्या एका पायावर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर गाडीत पाणी शोधेपर्यंत सिद्धाप्पा आपला प्यायच्या पाण्याचा कॅन घेऊन आला, खाली बसला आणि एका हाताने पाणी सोडत दुसऱ्या हाताने त्यांची चप्पल धुऊ लागला. बाई "अरे, रहने दो" म्हणाल्या, पण पाय त्यांनी मागे घेतला नाही. टाचेजवळचा पट्टा त्याने बोटाने घासून काढला.

अपेक्षा पुढे झाली.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा झाला. "ये मेरे पिताजी हैं."

बिराजदार सर गाडीचे दार धरून थांबले. बाईंनी तिच्याकडे बघितले, मग खाली बसलेल्या माणसाकडे.

सिद्धाप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि हसला.

"मॅडम ऐसाच बोलते, बाईसाब. बुड्ढा दिखा के बाप बोलते. दिल साफ है इनका."

सगळे हसले. बाईही हसल्या, अपेक्षाच्या पाठीवर थोपटून म्हणाल्या, "व्हेरी गुड."

अपेक्षा जागची हलली नाही. पाचवीपासून ती सोलापुरात वसतिगृहावर राहिलेली. तो वर्षातला बराच काळ मेंढरांमागे. शहरातल्या बाजारात खाटकांशी त्याने भाव कोणत्या भाषेत केले असतील, हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते. मघाचे सगळे त्याला कळले होते. लाभार्थी कळले होते. रुमालाआडून आलेला प्रश्न आणि त्यावरचे तिचे हसणेही.

"आबा," ती पुटपुटली.

"बसा, मॅडम. उशीर व्हतोय मान्सास्नी," तो म्हणाला आणि कॅनचे झाकण लावत मेंढरांकडे वळला.

गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर बाईंनी डायरी उघडली. काम चांगले आहे, निधीची शिफारस करायला हरकत नाही, असे त्या बिराजदार सरांना म्हणाल्या. लोकांचा असा विश्वास कागदावर दाखवता येत नाही, त्या म्हणाल्या, म्हणून त्या म्हाताऱ्याचे नाव अहवालात घालू.

"क्या नाम था उनका?"

"सिद्धाप्पा."

"सरनेम?"

बाहेर करडईची काढणी चालली होती. अपेक्षाने तिकडे बघितले.

"कोळेकर," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरचे बिराजदार सर तिला ऑफिसात रोज याच नावाने हाक मारत. ते मागे वळले नाहीत. मोबाइलवर फिरणारा त्यांचा अंगठा मात्र थांबला.

"स्पेलिंग बताओ."

तिने के सांगितला, ओ सांगितला, आणि पुढच्या अक्षराला ती थांबली. बाई पेन धरून वाट बघत राहिल्या.