मधोमध कच्च्या

“काका, सुट्टीत मला तुमच्या भट्टीवर शिकायला घ्याल?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने बेकरीवाल्याला विचारलं खरं, पण विचारताना तिला ते मनापासून हवंसं वाटलं.

“एक ट्रे कुकीज भाजून दाखव,” काका म्हणाले, “मग बघू.”

घरी आई-बाबांनी सुट्टीतल्या गणिताच्या क्लासचा फॉर्म आणून ठेवला होता. कुकीज फसल्या की तिची रवानगी तिकडेच.

बेकरीत तिने पिठाच्या गोळ्यांत चॉकलेटचे तुकडे, खारे दाणे आणि चुरलेले वेफर्स दाबले, वर जाडं मीठ भुरभुरलं. नऊ मिनिटांत कडा सोनेरी झाल्या. मध्यभाग पांढुरकाच होता, तरी तिने ट्रे बाहेर ओढला.

“अगं बये, कच्च्या आहेत! सरकव आत!”

तिने ट्रे आत सरकवायला उचललाही. पण घरी असाच धीर सुटून तिने तीन घाणे करपवले होते.

“नाही काका. तापल्या ट्रेवर आपोआप होतील. पाच मिनिटं हात लावू नका.”

“आता मलाच शिकव!”

दाराशी मैत्रिणी डोकावत होत्या. घड्याळाचा काटा हलता हलेना. अखेर काकांनी एक मोडली. कडेला कुरकुरीत, आत मऊ. ते सावकाश चावत राहिले. मग त्यांनी दुसरी उचलली.

“सोमवारी सातला ये. केस बांधून.”

ती पळतच घरी पोचली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, “आई, बाबा, मी क्लासला जाणार नाही. सोमवारपासून भट्टीवर जाणार. ठरलंय माझं!”