बाईंनी दिलेला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. मला स्वतःचा आवाज नाही. प्लेअर जे हळू सांगतो तेच मी स्पीकरना मोठ्याने सांगतो. फुशारकी मारायची तर एवढीच.

कारखान्यात माझी तार न तार हाताने जोडली गेली आणि मी चित्रकलेच्या मास्तरांच्या घरी आलो. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, माझं आवाजाचं बटण जरा पुढे, जरा मागे फिरवून पाहिलं. गाणं जिथे गोड लागलं, तिथे त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "याच्या पुढे जायचं नाही हं," असं मास्तरांना बजावलं. पाहुणे माझं तोंडभरून कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग बाई गेल्या. पुढे जुना प्लेअरही बंद पडला, तेव्हा मुलाने नवा पाठवला. तो भलताच जोरात बोलणारा. त्याचा आवाज माझ्यात शिरतानाच फाटायचा. मास्तर ठिपक्यावरून बटण हलवायला तयार नव्हते. एकदा मन घट्ट करून त्यांनी माझं बटण मागे घेतलं, पण फाटका आवाज कमी झाला तरी फाटकाच राहिला; मग बटण पुन्हा ठिपक्यावर आणलं.

"थकला बिचारा," म्हणत त्यांनी माझ्यावर फडकं टाकलं. त्या फडक्याखाली मला फार एकटं वाटायचं. मास्तरही समोर एकटेच जेवायचे. पेल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

शेवटी त्यांनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. त्याच दिवशी त्यांची धाकटी बहीण आली. तिने गाणं लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे दादा, हा कुठे बिघडलाय? नवा प्लेअर याच्या कानात ओरडतोय!"

"पण हिने लावलेलं बटण मी हलवणार नाही."

"नको ना हलवूस. वहिनीने ते जुन्या प्लेअरसाठी लावलं होतं. या नव्याचा आवाज कमी कर, म्हणजे झालं."

तिने प्लेअरचा आवाज हळूहळू खाली आणला. गाणं स्वच्छ वाजू लागलं. मास्तर चष्मा पुसतच राहिले. "इतके महिने मी उगाच गाण्याशिवाय बसलो गं," ते म्हणाले.

बहीण संध्याकाळी गेली. घरात पुन्हा आम्ही दोघेच उरलो. मास्तरांनी दुसरं गाणं लावलं. बाईंची उणीव माझ्याने भरून निघायची नाही, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, घरातलं एखादं जुनं यंत्र किंवा जुनं माणूस नीट उत्तर देईनासं झालं, तर त्याला मोडीत काढू नका. आधी बघा, आपणच त्याच्यावर ओरडत नाही ना?